'चार्ज' : एका शब्दाचे ओझे

भाषेतील शब्दांची गत पुष्कळ अंशी माणसांसारखीच असते. एकच गृहस्थ घरात वडील असतो, कचेरीत कारकून असतो, देवळात भजनी मंडळातला टाळकरी असतो आणि बाजारात गेला म्हणजे केवळ गिऱ्हाईक असतो. त्यास एकाच ठिकाणी पाहिलेल्या मनुष्याने 'मी यांना पुरता ओळखतो' असे म्हणणे धाडसाचे होय. शब्दांचेही तसेच आहे. किंबहुना शब्द जितका साधा, तितके त्याचे वावरण्याचे प्रांत अधिक. 'ऑक्सिजन' हा शब्द परका व अवघड वाटतो खरा. पण तो जेथे भेटेल तेथे एकाच वायूचे नाव असतो. उलट नित्य परिचयाचे लहानसे इंग्रजी शब्द पदोपदी रूप पालटतात, आणि विद्यार्थ्यांची फसगत बहुधा त्यांच्यापाशीच होते. अशाच एका शब्दाचा परिचय आम्ही येथे करून देणार आहोत. तो शब्द म्हणजे 'चार्ज'.

हा शब्द ज्याच्या कानांवर पडला नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. सकाळी घरातील मोबाईल 'चार्जिंगला' लावलेला असतो. मुख्याध्यापक रजेवर गेले की शाळेचा 'चार्ज' ज्येष्ठ शिक्षकांकडे जातो. विज्ञानाच्या तासाला कंगव्यावरील 'चार्ज' शिकवला जातो, तर इतिहासाच्या तासाला 'लाठीचार्ज'ची हकीकत येते. सायंकाळी वर्तमानपत्रात कोणावर तरी 'चार्जशीट' दाखल झाल्याची वार्ता असते, आणि रात्री बँकेने खात्यातून कापलेल्या 'चार्जेस'विषयी वडीलधाऱ्यांची कुरकुर ऐकू येते. एका दिवसात एकाच शब्दाने सहा वेष घेतले!

अशा वेळी विद्यार्थी शब्दकोशाकडे वळतो. तेथे किंमत, आरोप, हल्ला, ताबा, भरणे अशी अर्थांची लांबलचक रांग पाहून तो भांबावतो आणि पहिला अर्थ उचलून मोकळा होतो. मग 'न्यायाधीशांनी कैद्यास चार्ज वाचून दाखवला' या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचे भाषांतर 'न्यायाधीशांनी कैद्यास किंमत वाचून दाखवली' असे होते! यात त्या मुलाचा मोठा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. अर्थांची यादी पाठ करणे म्हणजे किल्ल्यांचा जुडगा हाती घेऊन कुलपांची ओळख नसणे. ती ओळख व्हावयाची तर या शब्दाचे मूळ घर शोधले पाहिजे.

प्राचीन काळी आजच्या फ्रान्सच्या भूमीवर गॉल नावाचे लोक राहत असत. ते गाड्या बनवण्यात निपुण होते. त्यांच्या भाषेतील गाडीचा शब्द शेजारच्या रोमन लोकांनी उचलला आणि लॅटिनमध्ये तो 'कार्रुस' असा रूढ झाला. त्यापासून पुढे 'कार्रिकारे' हे क्रियापद झाले. त्याचा अर्थ गाडीवर ओझे लादणे. हाच शब्द जुन्या फ्रेंच भाषेत उतरला. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा ओघ इंग्रजीत सुरू झाला, आणि इ. स. १२०० च्या सुमारास 'चार्ज' हा शब्द इंग्रजीत आला. तेव्हा त्याचा पहिला अर्थ होता लादणे, भरणे, ओझे ठेवणे. आज दिसणारे सारे अर्थ या एका बीजाचे अंकुर आहेत.

या शब्दाचे भाईबंदही पाहण्यासारखे आहेत. मोटारीस आपण 'कार' म्हणतो, तो याच कुळातला. वाहून नेणे या अर्थाचा 'कॅरी', जहाजातील मालास लागणारा 'कार्गो' आणि आयुष्यातील वाटचालीस लागणारा 'करिअर' हेही त्याच गाडीतून आलेले. फार काय, 'कॅरिकेचर' म्हणजे अर्कचित्र हा शब्दसुद्धा इटालियन भाषेतील 'लादणे' या क्रियापदापासून निघाला आहे. एखाद्या चेहऱ्यावरील नाकाचा वा मिशीचा भार चित्रकाराने वाजवीपेक्षा वाढवला की अर्कचित्र तयार होते!

आम्हां गोमंतकीयांना या कुळाची आणखी एक शाखा ठाऊक आहे. १९६१ पूर्वी पोर्तुगीजमध्ये शिक्षण झालेल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. त्या भाषेत 'कार्गा' म्हणजे ओझे, आणि विजेच्या संदर्भात 'कार्गा' म्हणजेच विद्युतप्रभार. 'कार्गु' म्हणजे हुद्दा. लिस्बनहून गोव्याकडे दरवर्षी येणाऱ्या गलबतांच्या सफरीस पोर्तुगीज लोक 'कारेइरा दा इंडिया' म्हणत. त्यातील 'कारेइरा' आणि इंग्रजीतील 'करिअर' हे सख्खे भाऊ. ओझे, हुद्दा आणि वीज यांची सांगड इंग्रजीने एकटीने घातलेली नाही, हे यावरून ध्यानात येईल.

आता या मुळाशी चार प्रश्न जोडून ठेवू. 'चार्ज' शब्द जेथे भेटेल तेथे विचारावे : ओझे कशाचे आहे? ते कोणी ठेवले? कोणावर ठेवले? आणि ते उतरणार कसे? या चार प्रश्नांचा दिवा हाती धरून आपण एकेक प्रांत पाहू.

प्रथम कचेरी. अधिकारी 'चार्ज घेतो' म्हणजे कामाचे ओझे आपल्या खांद्यावर घेतो, आणि बदली झाली की ते दुसऱ्याच्या खांद्यावर देतो. मराठीत यासाठी 'कार्यभार' आणि 'पदभार' हे किती नेमके शब्द आहेत! तात्पुरता भार वाहणारा तो 'प्रभारी'. परराष्ट्रात राजदूत नसताना वकिलातीचे काम पाहणाऱ्यास फ्रेंच भाषेतून आलेले 'शार्जे दाफेअर' हे नाव आहे. त्याचा अर्थही 'कामकाजाचा भार असलेला' असाच. विद्यार्थ्यांनी येथे इंग्रजीतील एक बारकावा लक्षात ठेवावा. 'इन चार्ज ऑफ' म्हटले की कर्ता सांभाळणारा असतो. मध्ये 'द' घालून 'इन द चार्ज ऑफ' म्हटले की कर्ता सांभाळला जाणारा होतो. दाई बाळाच्या 'इन चार्ज' असते, तर बाळ दाईच्या 'इन द चार्ज' असते. एका लहानशा उपपदाने ओझे उचलणारा आणि ओझे यांची अदलाबदल होते.

दुसरा प्रांत पैशाचा. वस्तू वा सेवा घेतली की तिच्या मोबदल्याचे ओझे आपल्यावर येते; तोच 'चार्ज'. मराठी व्यवहारात यास शुल्क किंवा आकार म्हणतात. महाराष्ट्रातील वीजबिलावर 'स्थिर आकार', 'वीज आकार', 'वहन आकार' अशी सदरे असतात. येथे एक मौज पाहावी. वीजबिलातील 'वीज आकार' आणि विज्ञानाच्या पुस्तकातील 'विद्युतप्रभार' यांना इंग्रजीत जवळजवळ एकच शब्द आहे; पण एक रुपयांत मोजतात व दुसरा कूलोममध्ये. मराठीने दोघांना दोन नावे देऊन गोंधळ टाळला आहे.

पैशाच्याच प्रांतात एक गंभीर अर्थ आहे. आपल्या राज्यघटनेच्या ११२ व्या अनुच्छेदात काही खर्च संचित निधीवर 'चार्ज' केलेला, म्हणजे 'भारित', असल्याचे सांगितले आहे. राष्ट्रपतींचे वेतन आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन हे त्यांपैकी होत. या खर्चावर संसदेत चर्चा होऊ शकते, पण मतदान होत नाही. कारण हा भार घटनेनेच तिजोरीवर ठेवलेला आहे. न्यायाधीशाने सरकारला न रुचणारा निकाल दिला म्हणून त्याचे वेतन मतदानाने रोखता येऊ नये, हा त्यातील हेतू. एका शब्दाने न्यायासनाचे केवढे रक्षण केले आहे!

तिसरा प्रांत जमिनीचा, आणि येथे घरातील मोठ्या माणसांनीही आमच्याबरोबर थोडे थांबावे. बँक वा सहकारी संस्था कर्ज देताना जे इंग्रजी कागद पुढे करते, त्यांत मालमत्तेवर 'चार्ज' निर्माण होत असल्याचे वाक्य पुष्कळदा असते. हे शुल्काविषयीचे वाक्य आहे अशा समजुतीने त्यावर सही करणारे लोक आहेत. वस्तुतः त्याचा अर्थ असा की, कर्ज फिटले नाही तर या मालमत्तेतून ते वसूल करण्याचा हक्क सावकारास मिळाला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १०० व्या कलमात या 'चार्ज'ची व्याख्या दिलेली आहे. आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी याला शतशः योग्य शब्द आहे : 'बोजा'. सातबाराच्या उताऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात बोजा नोंदला जातो. कर्ज फिटल्यावर तो आपोआप उतरला असेल असे गृहीत न धरता, बोजा कमी केल्याची नोंद करून घ्यावी लागते. नाही तर पुढे जमीन विकताना वा वाटणी करताना फिटलेल्या कर्जाचे भूत समोर उभे राहते. शहरातील सुशिक्षितास 'चार्ज' या शब्दाने जे कळत नाही, ते गावच्या शेतकऱ्यास 'बोजा' या शब्दाने तत्काळ कळते.

चौथा प्रांत न्यायालयाचा. येथे ओझे दोषाचे असते, आणि ते अद्याप केवळ 'ठेवलेले' असते. संस्कृतमध्ये 'आरोप' या शब्दाचा मूळ अर्थच वर ठेवणे, चढवणे असा आहे; झाड लावणे ते 'वृक्षारोपण' आणि दोष ठेवणे तो 'दोषारोप'. तपास झाल्यावर पोलीस न्यायालयात जे सादर करतात ते 'चार्जशीट', म्हणजे आरोपपत्र. त्यानंतर न्यायालय कागदपत्रे पाहून आरोप निश्चित करते, आरोपीस ते वाचून दाखवते आणि गुन्हा कबूल आहे काय असे विचारते. मग साक्षीपुरावे होतात, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले जाते, आणि शेवटी निकाल लागतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तरी हा क्रम मुळात तोच राहिला आहे.

एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण असे. वर्तमानपत्रात 'चार्जशीट दाखल' असे शब्द वाचताच तो मनुष्य गुन्हेगार ठरला असे मानणारे आपल्या आसपास थोडे नाहीत. मग त्याच्या घरच्यांशी बोलणे बंद होते, मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागतात. पुढे निर्दोष सुटका झाली, तरी ती बातमी वाचण्यास कोणी उरलेले नसते. ज्यास ओझे 'ठेवणे' आणि ओझे 'सिद्ध होणे' यांतील अंतर कळले, तो अशी घाई करणार नाही. शब्दाचा अर्थ चुकल्याने परीक्षेत दोन गुण जातात. पण येथे एखाद्याची अब्रू जाते.

पाचवा प्रांत तोफखान्याचा. बंदुकीत वा तोफेत दारू ठासणे, खाणीत सुरुंग भरणे, यास इंग्रजीत 'चार्ज' म्हणतात. मराठीतही आपण सुरुंग 'भरतो'च. लोखंडाच्या भट्टीत खनिज, कोक व चुनखडी यांचा जो माल ओततात, त्यासही हाच शब्द आहे. शत्रूवर तुटून पडणे हा अर्थही भरलेल्या शस्त्राच्या अर्थावरूनच आला असावा, असे मानतात. घोडदळाच्या अशा हल्ल्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध हल्ला क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हा येथे २५ ऑक्टोबर १८५४ रोजी झाला. टेनिसन या कवीने त्यावर लिहिलेली कविता अनेक पिढ्यांनी शाळेत म्हटली. पण त्या हल्ल्यामागे एक संदिग्ध आज्ञा होती, हे थोड्यांना ठाऊक असते. सेनापतीने तोफांकडे जाण्याविषयी लिहून पाठवले, पण कोणत्या तोफा ते स्पष्ट केले नाही. टेकडीवरून त्यास एक तोफा दिसत होत्या, खाली खोऱ्यात असलेल्या घोडदळास दुसऱ्या दिसत होत्या. परिणामी सहाशेहून अधिक स्वार सरळ शत्रूच्या तोफखान्यावर चालून गेले आणि त्यांतील शंभरावर प्राणांस मुकले. शब्दांच्या अर्थाविषयी दक्ष राहावे असे आम्ही म्हणतो, ते उगाच नव्हे.

'लाठीचार्ज' हा शब्द मात्र आपल्या देशातच जन्मलेला, अर्धा देशी व अर्धा विलायती. ३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोर येथे सायमन कमिशनविरुद्धच्या निदर्शनांत लाला लजपतराय अशाच लाठीहल्ल्यात जखमी झाले आणि १७ नोव्हेंबर रोजी त्यांचा अंत झाला. आपल्या मुलांना या शब्दाची पहिली ओळख होते ती बहुधा या प्रसंगातून.

तोफखान्यातूनच हा शब्द विजेच्या प्रांतात गेला, आणि त्याची कथा मनोरंजक आहे. १७४५-४६ च्या सुमारास युरोपात, विजेचा साठा करता येईल अशी एक काचेची बरणी शोधली गेली. हॉलंडमधील लायडन शहरावरून तिला 'लायडनची बरणी' म्हणतात. तोफेत दारू भरावी तशी या बरणीत वीज भरली जाई, आणि तोफ उडावी तशी ती ठिणगी टाकून रिकामी होई. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन याने अशा अनेक बरण्या एकत्र जोडून त्या समूहास 'बॅटरी' हे नाव दिले. बॅटरी म्हणजे तोफांचा समूह! विजेचे धन व ऋण असे भेदही त्यानेच रूढ केले. म्हणजे आपल्या खिशातील विजेरीच्या शब्दांत अठराव्या शतकातील रणभूमीचे पडसाद अजून आहेत.

परंतु येथे आमच्या उपमेची सीमा येते, आणि ती मोकळेपणाने सांगितली पाहिजे. भौतिकशास्त्रातील प्रभार हे तराजूत तोलण्याचे ओझे नव्हे. तो पदार्थकणांचा एक मूलभूत गुण आहे. तो धन व ऋण असा दोन प्रकारचा असतो, आणि 'ऋण ओझे' ही कल्पना गाडीवानास सुचणारी नाही. प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासला असता काही इलेक्ट्रॉन केसांवरून कंगव्यावर जातात. कंगवा ऋणप्रभारित होतो आणि कागदाचे कपटे ओढतो. आपल्याकडे पावसाळ्यात हा प्रयोग बहुधा फसतो, कारण दमट हवेत प्रभार टिकत नाही. प्रभाराचे एकक 'कूलोम' हे फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोम याच्या नावावरून आले. एक कूलोम प्रभार होण्यास ६२ या आकड्यावर सतरा शून्ये दिली असता होतील, सुमारे तितके इलेक्ट्रॉन लागतात.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे मोबाईल 'चार्ज' होतो तेव्हा त्यात विद्युतप्रभाराची भर पडत नाही! विजेरीत एका टोकाने जितका प्रभार शिरतो तितकाच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. आत लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकतात, आणि ऊर्जा रासायनिक रूपाने साठून राहते. म्हणजे भरली जाते ती ऊर्जा. प्रभाराची एकूण बेरीज होती तशीच राहते. एकाच शास्त्रात, एकाच पानावर, एकच शब्द दोन अर्थांनी येतो, आणि परीक्षक नेमका तेथेच प्रश्न विचारतो. तात्पर्य, मूळ चित्र आपल्याला दारापर्यंत नेते. घरात शिरल्यावर त्या शास्त्राने केलेली व्याख्याच प्रमाण मानावी.

राहिला चौथा प्रश्न : ओझे उतरते कसे? त्याचे उत्तर 'डिस्चार्ज' या शब्दात आहे. मूळ शब्द कळला की या शब्दाचे सारे अर्थ आपोआप उलगडतात. रुग्णालयातून रुग्णास डिस्चार्ज मिळतो; शिपायास सैन्यातून मिळतो; विजेरी डिस्चार्ज होते; धरणातून पाण्याचा विसर्ग सोडतात तोही डिस्चार्ज, आणि वर्तमानपत्रे तो क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदास किती घनफूट, असा देतात. कर्तव्य पार पाडणे यासही हाच शब्द आहे. न्यायालयात खटला चालवण्यापुरताही आधार नाही असे दिसले तर आरोपी डिस्चार्ज होतो, यास दोषमुक्ती म्हणतात. खटला पुरा चालून सुटला तर ती निर्दोष मुक्तता. दोहोंत भेद आहे, तो विसरू नये.

आता मागे वळून पाहू. एका इंग्रजी शब्दाच्या मागोमाग जाताना आपल्याला कार्यभार, पदभार, प्रभार, बोजा, आकार, आरोप, भरणे असे किती मराठी शब्द भेटले! यांतील बहुतेकांत तेच ओझ्याचे चित्र दडलेले आहे. 'भार' आणि 'भर' हे शब्द ज्या 'भृ' धातूपासून आले, त्याच प्राचीन मुळापासून इंग्रजीतील वाहणे या अर्थाचा 'बेअर' आणि ओझे या अर्थाचा 'बर्डन' हे शब्द आले आहेत. म्हणून मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी इंग्रजी शब्दांपुढे दबून जाण्याचे कारण नाही. महाविद्यालयात गेल्यावर भौतिकशास्त्र, वाणिज्य व विधी या तिन्ही वर्गांत हा शब्द नव्या वेषात समोर येईल. तेव्हा ज्याने केवळ कोशातील यादी पाठ केली तो अडखळेल. ज्याने मातृभाषेतील भार, बोजा व आरोप नीट समजून घेतले, त्यास तो ओळखीचा वाटेल.

वाचनाच्या वहीत एक पान अशा शब्दांसाठी राखून ठेवावे, अशी आमची विद्यार्थ्यांस सूचना आहे. 'पॉवर', 'फील्ड', 'बोर्ड', 'रूट' हे शब्द चार निरनिराळ्या विषयांच्या पुस्तकांत शोधावे, प्रत्येक ठिकाणचे वाक्य उतरून घ्यावे, त्यापुढे घरात बोलला जाणारा मराठी शब्द लिहावा आणि सर्वांच्या मुळाशी कोणते चित्र आहे ते शोधावे. सुटीत हे काम घरातील वडीलधाऱ्यांच्या साहाय्याने करावे. शेतीचा, कचेरीचा व बाजाराचा शब्द त्यांच्याइतका नेमका कोशातही सापडावयाचा नाही. एवढा भार आमच्या विद्यार्थ्यांनी आनंदाने उचलावा, आणि पुढील वर्षीच्या अंकासाठी त्यातूनच एखादा लेख आम्हांकडे आणून द्यावा.